कडकनाथ : सोनेरी मानेचा कोंबडा ठेवू की काढू?

माळरान
नमस्कार मंडळी. शेती विभागात चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी साक्री तालुक्यातला. मागच्या आषाढात झाबुआला जाऊन एक दिवसाची ४० कडकनाथ पिल्लं आणली. पहिल्याच आठवड्यात रात्री लाइट गेली, बल्ब बंद पडला, पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि सकाळी ५ चेपून मेलेली सापडली. पुढे दोन मुंगसाने नेली. उरलेली ३३ आता दहा महिन्यांची आहेत. १४ नर, १९ माद्या. सहाव्या महिन्यानंतर अंडी सुरू झाली.

आणली तेव्हा सगळी एकसारखी होती. निळसर काळी, पाठीवर गडद पट्टे. मोठी झाल्यावर रंग फुटले. २२ पूर्ण काळ्या आहेत. ७ जणांच्या डोक्या-मानेवर सोनेरी पिसं आलीत आणि ४ जणांच्या मानेवर पांढऱ्या बारीक रेघा, पेन्सिलीने ओढल्यासारख्या. गंमत म्हणजे सगळ्यांत दणकट कोंबडा नेमका सोनेरी मानेचा. वजन दोन किलोला टेकलंय, चाल बघत राहावी अशी. शेजारचे नाना म्हणतात, "फसवलं तुला. कडकनाथ म्हंजी कोळसा. ह्यो तर भेसळ."

मला यातून दोन कोंबडे आणि १५-१६ माद्या पैदाशीला ठेवायच्यात, बाकी विकायच्या. तर प्रश्न असा की कडकनाथचा रंग नेमका कशावर जोखायचा? सोनेरीवाला ठेवू की काढू?

टिंगलखोर
सोनेरी मानेचा कोंबडा म्हटल्यावर मला आमच्या वॉर्डातले इच्छुक उमेदवार आठवले. ठेवू की काढू हा प्रश्न आम्हालाही दर पाच वर्षांनी पडतो.

शुद्धकाळा
काढा. विचारताय काय? मी सहा वर्षं या धंद्यात आहे. गिऱ्हाईक मानेवर एक पिवळं पीस दिसलं तरी हात लावत नाही. पूर्ण काळा तोच कडकनाथ. बाकीचे कापून खा.

सराफ्यातला खवय्या
शुद्धकाळा, इतकी घाई नको हो. आम्ही इंदूरचे, चार पिढ्या माळव्यात गेल्या. झाबुआ, अलीराजपूर, धार हे आमच्या अंगणातले जिल्हे, आणि कडकनाथ तिथल्या भिल्ल-भिलाला लोकांचा. त्यांच्या बोलीत त्याचं नाव 'काली मासी', म्हणजे काळ्या मांसाची. नावात मांस आहे, पीस नाही. लक्षात घ्या.

जातीत तीन प्रकार पहिल्यापासून आहेत. पूर्ण काळा, पेन्सिल्ड आणि गोल्डन. माळरान यांनी वर्णन केलंय ते तंतोतंत हेच तीन. त्यामुळे नानांना सांगा, फसवलं नाही, उलट तिन्ही नमुने एका पेटीत मिळाले.

वडिलांची बदली तिकडे होती तेव्हा हाटात पाहिलेलं अजून डोळ्यांपुढे आहे. एक म्हातारी भिल्लीण कोंबडी घ्यायला आली. पिसांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. कोंबडी काखेत मारली, अंगठ्याने चोच उघडली, आत पाहिलं, मग पंजा उलटा करून तळवा पाहिला, आणि परत देऊन टाकली. विकणारा हसला. तिला काय दिसलं ते मला तेव्हा कळलं नाही. कोंबडी काळीकुट्ट होती.

झणझणीत
खवय्या, नाव शोभतंय, पण खायचं कधी सांगणार?

आमच्याकडे एकदाच केला होता. दोन गोष्टी सांगते. एक, शिजायला फार वेळ. ब्रॉयलरच्या हिशोबाने शिट्ट्या काढल्या आणि चामडं चावत बसलो. दुसरी, मॅरिनेट करताना हळद लावली तर दिसेचना. लावली की नाही म्हणून मी दोनदा लावली. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "करपलं का गं?" त्या दिवसापासून घरात काहीही करपलं की मी 'कडकनाथ केलाय' म्हणते.

रस्सा मात्र फार चवीचा.

पेठेतला
अंडी काळी असतात ना? व्हॉट्सॲपवर फोटो आला होता.

झणझणीत
नाही हो. फिकट बदामी, थोडी गुलाबीकडे झुकणारी. आणि लहान, गावरान अंड्याएवढीच. काळी अंडी कुणी दाखवली तर रंगाच्या डब्यातून काढली असं समजा.

कृष्णाकाठचा
धाग्याचं नाव वाचूनच पोटात गोळा आला. आमच्या सांगली भागात २०१९ ला काय झालं ते विसरला असाल तर आठवण करून देतो. कंपनीवाले म्हणायचे, पिल्लं आम्ही देतो, खाद्य आम्ही देतो, अंडी-कोंबड्या आम्हीच विकत घेतो, तुम्ही फक्त पैसे भरा आणि सांभाळा. माझ्या मेव्हण्याने बायकोचे दागिने मोडून पैसे भरले. पहिले दोन-तीन महिने अंडी उचलली, पैसे वेळेवर. मग गाडी यायची बंद. फोन बंद. शेडमध्ये कोंबड्या उपाशी, खाद्य संपलेलं, विकायला जावं तर बाजारात सगळ्यांच्याच कोंबड्या. शेवटी नेत्यांच्या ताफ्यापुढे लोकांनी कोंबड्या फेकल्या, ते टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल.

आणि मेव्हण्याच्या शेडमधल्या निम्म्या कोंबड्या कडकनाथ नव्हत्याच, हे आम्हाला खूप नंतर कळलं. काळ्या होत्या, एवढंच.

माळरान
कृष्णाकाठचा, वाचून वाईट वाटलं. मी कुणाशी करार-बिरार केलेला नाही, अंडी गावातच जातात. पण "काळ्या होत्या, एवढंच" म्हणजे काय? मग ओळखायचं कसं?

डॉ. गोठेकर
ड्यूटीवरून आलो, सावकाश लिहितो. पेशाने पशुवैद्य. कोंबड्या सरकारीही पाहिल्या आणि घरच्याही पाळल्या.

आधी मूळ गोष्ट. कोंबडीत काळा रंग दोन ठिकाणी असतो, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं देणंघेणं नाही. एक पिसांत. दुसरा कातडी, स्नायू, हाडांवरचं आवरण, श्वासनलिका आणि पोटातल्या पडद्यांत. कडकनाथ ठरतो तो या दुसऱ्या काळेपणावर. याला फायब्रोमेलॅनोसिस म्हणतात. अंड्यात गर्भ वाढत असताना रंगपेशी एरवी कातडीच्या वरच्या थरात आणि पिसांत जाऊन थांबतात, यांच्यात त्या वाट सोडून आत शिरतात आणि तिथेच वाढतात. कारणही सापडलंय. विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो आणि त्यात या पेशींना वाढवणारं ईडीएन३ नावाचं जनुक आहे. २०११ मध्ये हे सिद्ध झालं. चीनची सिल्की, जावाची अयाम सेमानी, आपला कडकनाथ, सगळ्यांत तोच बदल.

म्हणून पिसावर सोनेरी झाक आली तरी आतल्या काळ्याला काही होत नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे या जातीची नोंद आहे, तीही तिन्ही प्रकारांसह. नानांचा 'कोळसा' हा तिघांपैकी एक.

आता कृष्णाकाठच्या दादांचं दुखणं. ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प नावाची परदेशी जात आहे. पिसं काळीशार, उन्हात हिरवी चमक, पायही काळपट. अनोळखी माणूस हमखास फसतो. पण कातडी पांढरी, पायाचे तळवे पांढरे, तुरा लालभडक. तिच्या संकराची पिल्लं कडकनाथ म्हणून खपवली जातात.

मी पक्षी कसा बघतो ते सांगतो. सकाळच्या उन्हात, हातात घेऊन. पहिल्यांदा चोच उघडून जीभ आणि टाळू. जीभ जांभळट काळी हवी, गुलाबी दिसली तर तिथेच थांबायचं. मग तळवे आणि बोटांच्या मधली कातडी, पाटीसारखी करडी-काळी. मग पक्षी पाठीवर घ्यायचा आणि छातीखालच्या पिसांवर फुंकर मारायची. पिसं दुभंगतात आणि आतली कातडी दिसते. शेवटी शेपटीखाली. पिसं सगळ्यात शेवटी बघायची. बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात.

तुऱ्याबद्दल थोडं सैल राहा. जांभळट असावा, पण नर वयात आला, जोशात आला की तुऱ्यात लाली उतरते. नुसत्या लाल झाकेवर कोंबडा बाद करू नका.

सराफ्यातला खवय्या
म्हणजे म्हातारीला गुलाबी जीभ दिसली होती! डॉक्टर, पंचेचाळीस वर्षांनी उलगडा झाला.

शुद्धकाळा
डॉक्टर, शास्त्र बरोबर असेल. पण बाजार शास्त्रावर चालत नाही. पिल्लाला जास्तीचे पैसे मोजणारा माणूस पिसावर फुंकर मारत बसणार का?

डॉ. गोठेकर
नसेल बसत. पण तुम्ही वर्षानुवर्षं फक्त पूर्ण काळे नर ठेवलेत तर काय होतं? पैदाशीला उरतात दोन-तीन नर, तेही एकाच रक्ताचे. मग अंडी फुटत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात. आधीच वर्षाला ऐंशी-नव्वद अंड्यांची कोंबडी. तिच्यातून रंगासाठी निम्मं रक्त फेकून द्यायचं?

शुद्धकाळा
अंडी कमी फुटतायत हे खरंय. मी इन्क्युबेटरला शिव्या घालत होतो.

ओहायोतली ओवी
इथे परसात सिल्की पाळते, म्हणून तोंड घालते. अमेरिकेत कोंबड्यांच्या जातींचं मानकांचं पुस्तक १८७४ पासून आहे आणि सिल्की त्यात पहिल्यापासून आहे. माझ्या सिल्की पांढऱ्याशुभ्र आहेत, कापसासारख्या. आणि पिसं बाजूला केली की कातडी काळी! कुणाला दाखवलं की दचकतात. पांढऱ्या पिसांखाली काळी कातडी चालते, तर सोनेरीखाली का नको?

एक फरक मात्र सांगते. सिल्कीला पाच बोटं असतात, कडकनाथला चार. कुणी 'परदेशी कडकनाथ' म्हणून काही विकायला आणलं तर बोटं मोजा.

टिंगलखोर
इथे लोक मापात पाप करतात आणि तुम्ही बोटं मोजायला सांगताय.

माळरान
डॉक्टर, हे वाचून आत्ताच आवारात जाऊन आलो. सोनेरीवाल्याची जीभ काळी आहे! तळवेही. बाकीच्यांचं उद्या उजाडल्यावर बघतो, आत्ता सगळे चिंचेवर जाऊन बसलेत. (हो, ही जात झाडावर झोपते. खुराडं बांधायला बारा हजार घातले ते शेळी वापरते.)

आता दुसरं कोडं. हाच सोनेरी कोंबडा कुंपण उडून नानांच्या गावरान कोंबडीकडे जायचा. पिवळ्या पायांची, तांबडी कोंबडी. नानांकडे दुसरा कोंबडा नाही. ती रवणात बसली, ९ पिल्लं निघाली, आता दोन महिन्यांची आहेत. त्यातल्या पाच तलंगा काळ्या. पाय काळे, चोच काळी, कातडी काळी. आणि चारही नर उजळ! पायांवर नुसते काळपट डाग. एका कोंबडीची, एका रवणाची पिल्लं. सगळ्या मुली बापावर आणि सगळे मुलगे आईवर? नाना म्हणतात, अवसेला बसवली म्हणून.

डॉ. गोठेकर
वा! हे कोडं शंभर वर्षांहून जुनं आहे. १९११ मध्ये बेटसन आणि पनेट या दोघा आनुवंशशास्त्रज्ञांनी नेमकं हेच छापलं होतं. त्यांनी सिल्कीचा नर आणि ब्राऊन लेगहॉर्न या उजळ कातडीच्या जातीची मादी घेतली होती. त्यांच्याही मुली काळ्या आणि मुलगे उजळ.

माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. नराकडे झेड गुणसूत्रं दोन, मादीकडे एकच. मादी आपलं ते एकुलतं झेड फक्त मुलांना देते, मुलींना झेड मिळतं ते बापाचंच. आता नानांच्या पिवळ्या पायांच्या कोंबडीच्या झेडवर एक जनुक आहे, ते आतला काळा रंग दाबून टाकतं. कडकनाथमध्ये ते नसतं. मुलांना आईकडून दाबणारं जनुक मिळालं, ते उजळले. मुलींना ते मिळालंच नाही, त्या काळ्या झाल्या. अवसेचा संबंध नाही, पण नानांचं निरीक्षण पक्कं आहे, हे त्यांना माझ्याकडून सांगा.

यात एक धोका आहे. त्या पाच तलंगा निम्म्या गावरान आहेत. अशा तलंगेवर पुन्हा शुद्ध कडकनाथ नर सोडला तर पुढची सगळी पिल्लं गडद निघतात आणि डोळ्यांनी भेसळ जवळपास कळत नाही. रंग पुढे कधीतरी फाटतो. तोवर विकणारा गाव सोडून गेलेला असतो. म्हणून जीभ-तळवे बघून पक्षी बाद करता येतो, पण शंभर टक्के शुद्ध आहे असा दाखला देता येत नाही. त्यासाठी पायात कडी आणि वहीत नोंद.

माळरान
नाना त्या पाच तलंगा कडकनाथ म्हणून विकायच्या विचारात होते. म्हणजे आहेत. आत्ता बाजूला बसून हे ऐकतायत.

टिंगलखोर
अवसेचा डिस्काउंट देऊन विका म्हणावं.

गुरुजी धडगाव
आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदेपलीकडे अलीराजपूर. नातीगोती दोन्हीकडे, त्यामुळे कोंबड्याही नदी ओलांडतात. इथे पाड्यावर काळ्या मांसाची कोंबडी आजारात, बाळंतिणीला आणि देवाला. विकायची वेळ आली तर पहिल्यांदा दुसऱ्या कोंबड्या जातात, ही शेवटी.

माझी एक भर. पावसाळ्याच्या तोंडाला मर येते, तेव्हा शुद्ध-अशुद्ध सगळं सारखं मरतं. माझ्या शाळेतल्या एका पोराच्या घरची चोवीस कोंबडी तीन दिवसांत गेली. माना वाकड्या, हिरवी विष्ठा. रंगाची चर्चा छान चाललीय, पण लसीचं कुणी बोलेना म्हणून लिहिलं. 'कडकनाथला रोग होत नाही' असं पत्रकांत छापतात, ते वाचून लोक लस टोचत नाहीत.

डॉ. गोठेकर
गुरुजी, शंभर टक्के. ही राणीखेत. पहिल्या आठवड्यात लासोटा या राणीखेतच्या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्याच्या आसपास पुन्हा लासोटा, दोन महिन्यांच्या सुमारास राणीखेतचं इंजेक्शन. लस बर्फात आणायची, उन्हात डिकीत ठेवलेली लस म्हणजे पाणी. कडकनाथ काटक आहे, उन्हाला आणि साध्या खाद्याला टिकतो. विषाणूला तो ओळखत नाही.

पेठेतला
पण मग कडकनाथ खाल्ल्याने शुगर, बीपी, हृदयविकार बरे होतात म्हणतात ते?

डॉ. गोठेकर
गोळ्या चालू ठेवा. चरबी कमी असते, प्रथिनं चांगली असतात. खा, आवडीने खा.

कृष्णाकाठचा
पत्रकात हेच सगळं छापलं होतं. वर चकचकीत कोंबडा. त्याची जीभ बघायला पाहिजे होती.

सराफ्यातला खवय्या
मूळ धागा राहिला. आणि २०१८ ला झाबुआला भौगोलिक मानांकन मिळालं तेही कडकनाथच्या काळ्या मांसाला, हे शुद्धकाळांच्या गिऱ्हाइकाला सांगा. धोनीने झाबुआकडे २००० पिल्लांची ऑर्डर दिली होती, तेव्हा आमच्याकडे पेपरात पहिल्या पानावर बातमी. त्यात माना कोणत्या रंगाच्या असाव्यात असं लिहिलेलं आठवत नाही.

माळरान
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, उशीर झाला, माफ करा. कांद्याची गडबड होती.

डॉक्टरांनी सांगितलं तसं एक-एक पक्षी पहाटे चिंचेखाली धरून तपासला. मी, बायको आणि बॅटरी धरायला नाना. ३३ पैकी ३१ च्या जिभा काळ्या, तळवे करडे. काही माद्यांची छातीखालची कातडी जरा फिकी आहे, त्या विकायच्यात काढल्या.

राहिले दोन. दोन्ही बावीस पूर्ण काळ्यांपैकी. त्यातला एक तर माझा लाडका, पिसांवर मोरासारखी हिरवी चमक, त्याचा फोटो माझ्या डीपीला आहे. चोच उघडली तर जीभ गुलाबी. तळवे पांढरट. बायको म्हणाली, पुन्हा बघा. पुन्हा बघितलं. नाना काही बोलले नाहीत, नुसती बॅटरी हलवली.

तर सोनेरीवाला राहिला. दुसरा नर पेन्सिल्ड घेतलाय. प्रत्येकाला आठ माद्या, दोन वेगळी आवारं, पायात रंगीत कडी. पूर्ण काळा नर पुढच्या वर्षी बाहेरून आणणार, शुद्धकाळा यांच्याकडे जास्तीचा असेल तर बदल्यात सोनेरी देतो. कडकनाथच्या माद्या अंड्यांवर नीट बसत नाहीत, दोनदा अंडी सोडून उठल्या, म्हणून काल नानांची तांबडीच मागून आणली. ती पुन्हा खुडूक झालीय. तिच्याखाली सोनेरीच्या आवारातली अकरा अंडी ठेवलीत.

शुद्धकाळा
नर देतो. जीभ बघून देतो. आधी माझ्या सगळ्यांच्या बघून घेतो म्हणजे.

टिंगलखोर
डीपी बदला आता.

झणझणीत
अकराच का? कडकनाथची अंडी लहान असतात, तांबडी अंगाने बरी असेल तर तेरा सहज झाकेल.

माळरान
दोन अजून ठेवून आलो. चोच मारली तिने.